सोळा चॅनेलचा मिक्सर बांधण्यापूर्वीची तयारी

गोव्यात फोंडा, डिचोली किंवा पेडणे भागातल्या देवळांच्या सभामंडपात भजनासाठी, आरतीसाठी आणि जत्रेच्या नाटकासाठी वापरता येईल असा सोळा चॅनेलचा अॅनालॉग मिक्सर स्वतः बांधायचा असेल, तर सुटे भाग मागवण्याआधी कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसावे. पहिला आकडा काढायचा तो समिंग अँप्लिफायरच्या (सर्व चॅनेलचे आवाज एकत्र करणाऱ्या टप्प्याच्या) नॉइज गेनचा, म्हणजे त्याचा स्वतःचा नॉइज किती पट वाढतो त्याचा. प्रत्येक चॅनेलचा आवाज एकपट, म्हणजे न वाढता बसवर (चॅनेल एकत्र येतात त्या सामाईक तारेवर) येतो, म्हणून नॉइजही एकपटच येणार असे वाटणे साहजिक आहे. परंतु व्हर्च्युअल अर्थ पद्धतीत, म्हणजे बस शून्य व्होल्टजवळ धरून ठेवणाऱ्या जोडणीत, प्रत्येक चॅनेलचा एक असे सोळा रेझिस्टर एकाच बिंदूला जोडलेले असल्यामुळे ऑप-अँपचा (अँप्लिफायरच्या चिपचा) स्वतःचा नॉइज सोळा अधिक एक, म्हणजे १७ पटींनी वाढून आउटपुटवर येतो. ही वाढ साडेचोवीस डेसिबलच्या आसपास आहे, आणि चॅनेलचे फेडर खाली ओढले तरी ती तशीच राहते. म्यूटचे बटण चॅनेलच्या रेझिस्टरचे टोक ग्राउंडला जोडत असेल, तरीही ती कमी होत नाही. रेझिस्टर बसपासून प्रत्यक्ष सुटा झाला तरच कमी होते.

त्यानंतर भागांची निवड. ५५३२ या ऑप-अँपचा नॉइज प्रति वर्गमूळ हर्ट्झ सुमारे ५ नॅनोव्होल्ट, ५५३४ए चा सुमारे साडेतीन, आणि १० किलोओहमच्या रेझिस्टरचा औष्णिक नॉइज सुमारे १२.९ नॅनोव्होल्ट धरावा. सर्व रेझिस्टर १० किलोओहमचे आणि बसवर ५५३२ असेल, तर २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आउटपुटवर सुमारे वजा ९५ डीबीयू (० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट) नॉइज येतो. रेझिस्टर ४.७ किलोओहमचे केले, तर फरक जेमतेम पाऊण डेसिबलचा पडतो. याउलट रेझिस्टर १० किलोओहमचेच ठेवून ५५३४ए बसवला, तर दोन डेसिबल मिळतात. दोन्ही बदल एकत्र केले, तर आपण वजा ९८ च्या जवळ पोहोचतो. म्हणून आधी ऑप-अँप बदलावा आणि मग रेझिस्टर. रेझिस्टर फार खाली नेण्याचा मोहही टाळावा, कारण एक चॅनेल डावी, उजवी आणि चार ग्रुप अशा सहा बसना जोडलेला असेल, तर ४.७ किलोओहमचे सहा रेझिस्टर मिळून त्याच्या आउटपुटवर सुमारे ७८० ओहमचा भार पडतो. ५५३२ तो पेलतो. १ किलोओहमचे रेझिस्टर घातले, तर पेलणार नाही.

मात्र पैसे खर्च करण्याआधी, मुळात कोणता नॉइज मोठा आहे हे ठरवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १५० ओहमच्या मायक्रोफोनचा स्वतःचा औष्णिक नॉइज सुमारे वजा १३१ डीबीयू असतो. गायकाच्या माइकला ४० डेसिबल गेन दिला, तर अँप्लिफायर आदर्श असला तरी त्या एकाच चॅनेलमधून वजा ९१ डीबीयू नॉइज बसवर येतो, आणि असे सोळा माइक उघडे ठेवले, तर त्यात आणखी १२ डेसिबलची भर पडते. अशा वेळी बसवरच्या ऑप-अँपसाठी केलेला जास्तीचा खर्च कोणालाही ऐकू येत नाही. पण पखवाज, तबला आणि घुमट यांच्या अगदी जवळ ठेवलेल्या माइकना कमी गेन लागतो, नाटकात बरेचसे फेडर बराच वेळ खाली असतात, आणि नाट्यपद सुरू होण्यापूर्वी केवळ ऑर्गनचा स्वर धरलेला असतो. तेव्हा जे ऐकू येते ते बसचेच. बस शांत करायची ती या क्षणांसाठी.

ग्राउंडची आखणी ही या यादीतली सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. चॅनेलच्या कार्डांचे ग्राउंड आणि समिंग अँप्लिफायरचे ग्राउंड यांच्यात केवळ १०० मायक्रोव्होल्टचा, ५० किंवा १०० हर्ट्झचा फरक असला आणि तो सर्व सोळा चॅनेलना सारखाच लागू झाला, तर बसच्या आउटपुटवर १.६ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे वजा ५४ डीबीयू हम (वीजपुरवठ्याची गुणगुण) येतो. वर मेहनतीने मिळवलेले तीन डेसिबल यापुढे काहीच नाहीत. त्यासाठी बसच्या शेजारून जाड तांब्याची ग्राउंडपट्टी न्यावी, ऑप-अँपचे नॉन-इन्व्हर्टिंग टोक वीजपुरवठ्याच्या ग्राउंडला न जोडता चॅनेलच्या ग्राउंडपट्टीलाच जोडावे, आणि दिवे, मीटर व रिले यांचा परतीचा प्रवाह त्या पट्टीवर अजिबात येऊ देऊ नये. लांबी मोठी असेल, तर ग्राउंडचा फरक स्वतंत्र तारेने उचलून तो वजा करणारी जोडणी करावी. ट्रान्सफॉर्मर शक्यतो वेगळ्या पेटीत ठेवावा.

बसची रिबन केबल लांब असल्यास तिची कपॅसिटन्स इन्व्हर्टिंग टोकावर येते आणि ऑप-अँप आंदोलित होऊ शकतो. फीडबॅक रेझिस्टरला समांतर ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि बस व टोक यांच्यामध्ये ४७ ते १०० ओहमचा छोटा रेझिस्टर यांची जागा पीसीबीवर आधीच राखावी. तसेच ५५३४ वापरताना पाच आणि आठ क्रमांकाच्या पिनांमध्ये २२ पिकोफॅरडची सोय ठेवावी.

गेनच्या टप्प्यांची पातळीही कागदावरच ठरवावी. अधिक-उणे १७ व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रत्येक टप्पा सुमारे अधिक २१ डीबीयूला आवाजाची शिखरे कापू लागतो, हे धरून आतली पातळी ० डीबीयूच्या आसपास ठेवावी. सोळा वेगवेगळे आवाज मिळून बसची पातळी १२ डेसिबलने वाढू शकते, म्हणून फीडबॅक रेझिस्टर चॅनेलच्या रेझिस्टरच्या निम्मा घ्यावा असा माझा आग्रह आहे: पातळी ६ डेसिबलने उतरते आणि नॉइज गेनही १७ वरून ९ वर येतो. लागणारा गेन शक्यतो पहिल्याच टप्प्यात घ्यावा, कारण पुढच्या टप्प्यांचा नॉइज मग गौण ठरतो. माइक अँप्लिफायरमध्ये ६० डेसिबलला गेनचा रेझिस्टर १० ओहमचा होत असेल, तर त्याच्या मालिकेतला कपॅसिटर निदान ३३०० मायक्रोफॅरडचा हवा, नाहीतर पखवाजाचा खालचा बाज हरवतो. माइकला त्याच्याच केबलमधून वीज देणाऱ्या फँटम पुरवठ्याच्या ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जोड्या परस्परांशी ०.४ टक्क्यांच्या आत जुळवून घ्याव्यात.

गोव्याच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. उष्णतेची धास्ती नको: तापमान २५ वरून ३५ अंशांवर गेले, तरी औष्णिक नॉइज डेसिबलच्या सातव्या हिश्श्याइतकाच वाढतो. खरी अडचण खाऱ्या, दमट हवेची आहे. जून ते सप्टेंबरपर्यंत बंद खोलीत पडून राहिलेल्या मिक्सरचे जॅक, फेडर आणि रिबनचे कनेक्टर काळवंडतात, आणि बसवरचा एक खराब संपर्क ऑप-अँपच्या नॉइजपेक्षा कितीतरी मोठी खरखर देतो. बसचे कनेक्टर सोन्याचा मुलामा असलेले घ्यावेत, किंवा बस थेट सोल्डर करावी; पीसीबी धुऊन, वाळवून त्यावर संरक्षक लेप द्यावा, मात्र फेडर आणि कनेक्टर झाकून.

मोजमापाची साधने बांधणीपूर्वीच जमवावीत: १५० ओहमचे रेझिस्टर घातलेले सोळा एक्सएलआर प्लग आणि २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मायक्रोव्होल्ट दाखवणारा मीटर, किंवा चांगला ऑडिओ इंटरफेस. सर्व फेडर खाली करून बसचा नॉइज मोजावा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. फरक तीन डेसिबलच्या पुढे असेल, तर ऑप-अँप बदलत बसू नये. आधी ५० आणि १०० हर्ट्झचे घटक तपासावेत, आणि ते वर आलेले दिसले तर ग्राउंडपट्टीकडे जावे.