मोबाईलवर नेट चालतंय पण कॉम्प्युटरवर येईना? आधी वायर बघा

आमच्या परभणीत एप्रिल-मेमधी दुपारून आभाळ आलं, वारं सुटलं की लाइट जाते, आणि लाइट परत आली की मला एक तरी फोन येतोच की कॉम्प्युटर चालू झालाय पण नेट येईना, वायर तर लावलेलीच आहे, आता काय करू. परवा गल्लीतल्या काकूंचा आला. पोरीचा फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख, आणि मी जाईपर्यंत पोरीनं घाबरून राऊटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून रिसेट दाबलं होतं. तिथंच काम वाढलं. रिस्टार्ट वेगळं आणि रिसेट वेगळं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. रिस्टार्ट म्हणजे बटण बंद करून चालू करणं, त्यानं काही बिघडत नाही. रिसेट दाबलं की केबलवाल्यानं आत भरून ठेवलेलं युजरनेम पासवर्डसुद्धा पुसलं जाऊ शकतं, मग तो येऊन परत टाकेपर्यंत मोबाईलचं वायफायपण गेलं.

म्हणून काही दाबायच्या आधी नेट कुठपर्यंत येतंय ते बघायचं. शेतात मोटर चालू आहे पण पाणी येईना तर आपण लगेच मोटर उपसून काढत नाही, आधी पाईप कुठं निसटला का ते बघत जातो, तसंच हे.

पहिलं, त्याच राऊटरच्या वायफायवर मोबाईल जोडा, मोबाईलचा डेटा बंद करा आणि काहीतरी उघडून बघा. मोबाईलवर पण चालना झालं तर तुमच्या कॉम्प्युटरचा दोष नाही, उगं त्याच्यात हात घालू नका. फायबरच्या डब्यावर लॉस नावाची लाइट लाल लुकलुकत असली तर फायबर तुटलीय किंवा कुठंतरी जास्त वाकलीय, ते केबलवाल्याचंच काम. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर मात्र धरू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला वाईट.

मोबाईलवर चालतंय आणि कॉम्प्युटरवरच नाही, तर कॉम्प्युटरच्या मागं जा. राऊटरवरून नेट आणणारी लॅनची वायर जिथं घुसते तिथं बारीक लाइट असते, बहुतेक हिरवी नाहीतर नारंगी. ती लागलेली आहे का? बऱ्याच वेळा निम्मं उत्तर इथंच मिळतं. काकूंकडं ती बंद होती. मी वायर बोटानं हलवली तर जॅक सरळ हातातच आला, कारण त्याच्यावरची प्लॅस्टिकची क्लिप मोडली होती. क्लिप असली की आत घालताना टक् असा आवाज येतो आणि मग ओढलं तरी निघत नाही, क्लिप नसली की झाडताना टेबल जरा सरकला तरी जॅक दोन-तीन मिलिमीटर मागं येतो. बघणाऱ्याला वाटतं वायर तर लावलेलीच आहे. मी दाबून बसवला आणि लाइट लागली, मूळ बिघाड एवढाच होता, पुढचं काम रिसेटनं वाढवलेलं.

जॅक घट्ट बसूनही लाइट लागली नाही तर राऊटरच्या दुसऱ्या पोर्टमधी वायर लावून बघा, मग दुसरी वायर लावून बघा, शेजाऱ्याकडून मागून आणा पण बघाच. वायर कुठून कुठून आलीय तेही पाहा. खिडकीच्या फटीतून आली असली तर दार लावून लावून चेपते, माळ्यावरून आली असली तर उंदीर कुरतडतात, आणि पत्र्यावरून आली असली तर आपल्या उन्हात वरचं कव्हर कडक होऊन तडकतं. वायरीत ८ तारा म्हणजे ४ जोड्या असतात. नारंगी नाहीतर हिरवी जोडी तुटली तर नेट येतच नाही. निळी किंवा तपकिरी तुटली तर १०० एमबीपीएसपर्यंत चालू शकतं, पण बऱ्याचदा कॉम्प्युटर १००० साठी अडून बसतो आणि नेट ये-जा करतं. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमधी लॅन कार्डावर डबल क्लिक करून अॅडव्हान्स्डमधी स्पीड अँड डुप्लेक्स १०० फुल डुप्लेक्सवर ठेवलं तर नवी वायर आणेपर्यंत काम भागतं.

वायर चांगली आहे तरी जॅकजवळची लाइट लागत नाही, आणि हे घरातली लाइट गेल्या-आल्यापासूनच झालंय? मग कॉम्प्युटर बंद करा, मागून पॉवरची वायर काढा, चालू करायचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा, दोन मिनिटांनी परत लावा. कधीकधी एवढ्यानं लॅन कार्ड जागं होतं. विजेच्या कडकडाटात पोर्ट खरोखर जळला असला तर मदरबोर्ड बदलायची गरज नाही, यूएसबीला लावायचं लॅन अॅडॉप्टर मिळतं ते लावा. आणि पुढच्या वेळी आभाळ आलं की नुसता प्लग काढून थांबू नका, लॅनची वायरपण काढा. तिच्यात तांबं असतं आणि बाहेरून आलेली असली तर झटका तिच्यातूनपण येतो.

आता जॅकजवळची लाइट लागलीय पण नेट नाही. स्टार्टमधी सीएमडी टाईप करा, काळी खिडकी उघडली की इंग्रजीत आयपीकॉन्फिग लिहून एंटर. आयपीव्ही४ अॅड्रेस १६९.२५४ नं सुरू होत असला तर राऊटरनं पत्ता दिलेलाच नाही, कॉम्प्युटरनं आपल्या मनानं घेतलाय. राऊटर आणि कॉम्प्युटर दोन्ही रिस्टार्ट करा, बहुतेक वेळा सुटतं. १९२.१६८ असा काही पत्ता असला तर खाली डिफॉल्ट गेटवे म्हणून जो आकडा दिसतो तो घ्या आणि पिंग, एक स्पेस, तो आकडा असं टाका. रिप्लाय आला म्हणजे राऊटरपर्यंत रस्ता मोकळा आहे. मग तसंच पिंग ८.८.८.८ करा, हा बाहेर इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता आहे. इथंपण रिप्लाय येतोय आणि तरी साइट उघडत नाही तर डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचा घोळ, लॅनच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीजमधी डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ हाताने भरा.

जुन्या कॉम्प्युटरवर अजून एक बघा, खाली कोपऱ्यात तारीख बरोबर आहे का. मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागं जाते आणि साइट सुरक्षित नाही म्हणून उघडत नाहीत, नेट मात्र चालूच असतं. सेल सीआर २०३२ नावाचा, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

ह्यातलं काहीच लागू पडलं नाही तर केबलवाल्याला फोन करा, पण नुसतं नेट बंद आहे म्हणू नका. लॉस लाल आहे का, मोबाईलवर चालतंय का, पिंग कुठपर्यंत जातंय, हे सांगा म्हणजे तो तेवढं सामान घेऊनच येतो.

काकूंकडं रिसेटनं युजरनेम पासवर्ड पुसलं गेलं होतं, ते टाकायला केबलवाला दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. काकू म्हणाल्या, "दादा, पोरीचं वर्ष जाईल हो." मी माझा मोबाईल चार्जिंगच्या वायरीनं कॉम्प्युटरला जोडला, सेटिंगमधी यूएसबी टेदरिंग चालू केलं, आणि कॉम्प्युटरला लगेच वायरीसारखंच नेट मिळालं. फॉर्म रात्री साडेनऊला गेला. सकाळी जाऊन मोडलेला जॅक कापला आणि पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी ह्या क्रमानं तारा लावून नवा मारून दिला. पोरीनं स्वतः लावला, टक् आवाज आला.