गाडी चमकवताना ओघळ आणि फराटे का उरतात? या चुका टाळा

दिवाळीच्या आदल्या दिवशी दर्यापूर तालुक्यातल्या मामांच्या अंगणात त्यांची गडद निळी गाडी धुऊन-पुसून उभी होती. ऊन कलले तसे बॉनेटवर पांढुरके ओघळ, दारांवर कापड फिरल्याचे फराटे आणि छतावर वाळलेल्या थेंबांची रांगोळी असे सगळे एकदम दिसू लागले. मामांनी तोवर तिसऱ्यांदा पॉलिशची डबी उघडली होती. "हे पॉलिशच बोगस निघालं वाटते," असे म्हणत ते आणखी एक थर चढवायच्या बेतात होते. पॉलिशचा त्यात काही दोष नव्हता. गाडीवर तीन वेगवेगळ्या कारणांचे तीन वेगवेगळे डाग होते आणि मामा तिन्हींवर एकच औषध लावत होते. घरी गाडी चमकवणारे बहुतेक जण हीच चूक करतात: डाग कशाचा आहे हे न पाहता त्यावर काहीतरी नवे चोळतात, आणि मग मूळ डाग कोणता व आपण वाढवलेला कोणता, हेच कळेनासे होते.

डाग ओळखणे अवघड नाही. त्यावर ओले बोट फिरवल्यावर तो नाहीसा झाला आणि पाणी वाळताच पुन्हा उमटला, तर ते पाण्यातले क्षार समजावेत. स्वच्छ कोरडे कापड फिरवल्यावर डाग जागा बदलत असेल, आडवा पुसला की आडवा आणि उभा पुसला की उभा दिसत असेल, तर तो वॅक्सचा किंवा तेलकट पदार्थाचा जादा थर आहे. मोबाइलचा टॉर्च रंगाजवळ धरल्यावर उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसल्या आणि काहीही केले तरी त्या हलल्या नाहीत, तर तो डाग नसून रंगावरच्या पारदर्शक थराला, म्हणजे क्लिअर कोटला पडलेले ओरखडे आहेत. ते पुसून जात नाहीत. त्यांना कंपाउंड, म्हणजे रंग घासून सपाट करणारी पेस्ट लागते आणि कंपाउंड हा थर थोडाथोडा घासूनच काम करते, त्यामुळे ते दर सणाला वापरण्याची वस्तू नव्हे.

आपल्या भागात पहिला संशय पाण्यावर घ्यावा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारे असलेला भाग, सर्वांना ठाऊक आहे. पण त्याबाहेरही अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते, हे स्वयंपाकघरातल्या भांड्याच्या तळाशी साचणारा पांढरा थर पाहून समजते. पाणी पिण्याजोगे आहे म्हणजे गाडीला चालेल, असा हिशेब करू नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे पाणी जड करणाऱ्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालवून घेतले जाते. अशा 600 मिलिग्रॅमच्या पाण्याच्या 20 लिटरच्या एका बादलीत सुमारे 12 ग्रॅम चुनखडीइतका कठीणपणा असतो. बहुतेक पाणी वाहून जाते हे खरे, पण जे थेंब पत्र्यावर वाळतात ते आपला वाटा तिथेच ठेवून जातात.

यात एक नवी चूक अलीकडे रूढ झाली आहे. घरातल्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी बादलीत धरून ठेवायचे आणि त्याने गाडी धुवायची. पाणी वाचवण्याची वृत्ती चांगलीच. परंतु त्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, म्हणून ते फरशीला किंवा संडासाला वापरावे आणि गाडीपासून दूर ठेवावे. उलट, गाडी नेहमीच्या पाण्याने धुऊन झाल्यावर शेवटचा हात आरओच्या शुद्ध पाण्याचा किंवा छपराच्या स्वच्छ पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्याचा फिरवला, तर चार-पाच लिटरमध्येच ओघळांचा प्रश्न बराच सुटतो.

उमटलेले क्षार काढण्यासाठी किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून, सावलीत आणि पत्रा थंड असताना, ओल्या कापडाने डागावर एक-दोन मिनिटे ठेवावे, वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे. आम्लामुळे तिथले वॅक्सही उतरते, म्हणून त्या जागी नंतर वॅक्सचा पातळ थर द्यावा लागतो. लिंबाची फोड मात्र रंगावर घासू नये. एक तर तिच्या आम्लाचे प्रमाण आपल्या हाती नसते आणि दुसरे म्हणजे मागे चिकट रस उरतो. व्हिनेगरनेही डाग हलला नाही, तर क्षारांनी क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडला आहे असे समजून चोळणे थांबवावे.

ऊन ही पाण्याचीच जोडीदार अडचण. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो तेव्हा उन्हातल्या गडद रंगाच्या पत्र्यावर शॅम्पूचा फेस धुण्याआधीच सुकतो आणि त्याचेच पट्टे पडतात. तळहात बॉनेटवर सहज टेकवून ठेवता आला पाहिजे. तो चटकन उचलावा लागत असेल तर काम सुरू करू नये. प्रवासाहून आल्या आल्या गाडी धुणेही याच कारणाने टाळावे, कारण अंगणात सावली असली तरी इंजिनावरचा पत्रा तापलेलाच असतो.

दारांवरच्या फराट्यांचे कारण बहुधा माती आणि कापड यांच्या संगनमतात सापडते. पांदणीने वावरातून आलेल्या गाडीवर काळ्या मातीचा जो लेप बसतो, तो इतका बारीक आणि चिकट असतो की ओल्या फडक्याने पुसताना निघण्याऐवजी पसरतो, वाळल्यावर राखाडी झाक सोडतो आणि त्यातले खडे रंगावर रेषा ओढतात. म्हणून आधी नुसत्या पाण्याची धार सोडून माती भिजू द्यावी, खाली ओघळू द्यावी, आणि मगच शॅम्पूचा हात लावावा. शॅम्पूची आणि फडके खळबळण्याची बादली वेगळी असावी. पाण्याच्या धारेसाठी अनेक जण पाठीवरचा फवारणी पंप वापरतात. पऱ्हाटीवर औषध मारलेल्या पंपाच्या टाकीत आणि नळीत औषधाचा आणि ते पानांना चिकटवणाऱ्या द्रव्याचा, म्हणजे स्टिकरचा, अंश राहतो. त्याने काचेवर व रंगावर तेलकट तवंग येतो, आणि उघड्या हातांनी तेच पाणी पुसणे आरोग्यासही घातक आहे. गाडीसाठी कधीही औषध न भरलेला वेगळा पंप ठेवावा.

पुसण्यासाठी जुने धोतर किंवा दुपट्टा काढला जातो, त्यापेक्षा मायक्रोफायबरचे कापड चांगले. मात्र ते सुती कपड्यांसोबत धुतले तर त्याला सुताचे तंतू चिकटतात आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यात बुडवले तर त्याचे तंतू लेपून पाणी शोषेनासे होतात. असे कापड पाणी टिपत नाही, नुसते पुढे ढकलते, आणि फराटे तिथूनच सुरू होतात. ते वेगळे, थोड्या द्रव साबणात धुऊन सावलीत वाळवावे. जमिनीवर पडलेले कापड झटकून पुन्हा वापरण्याचा मोह होतो, तो आवरावा.

वॅक्सबद्दल एकच सांगायचे तर, जास्त लावल्याने जास्त चमक येत नाही. थर इतका पातळ हवा की लावल्याचे जेमतेम कळावे. एका वेळी अर्धे बॉनेट घ्यावे, बोटाच्या टोकाने हलकी रेघ ओढून पाहावी आणि रेघ स्वच्छ, चकचकीत उमटली की पुसायला घ्यावे. बोटाखाली चिकट फराटा उठला तर थांबावे. पावसाळी दमट हवेत थर सुकायला वेळ लागतो, मे महिन्यात तो इतका लवकर सुकतो की खरवडावा लागतो. फार सुकून बसलेल्या थरावर त्याच वॅक्सचा किंचित ताजा हात फिरवला, तर खालचा थर मऊ होतो आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने दोन्ही एकदम निघतात. मामांच्या दारांवरचे फराटे आम्ही असेच काढले. रॉकेल किंवा डिझेल फिरवून आणलेली चमक ही मात्र निव्वळ तेलाची झाक असते, आणि रस्त्यावरची पहिली धूळ तिच्यावरच येऊन बसते.

सगळे नीट करूनही तासाभराने आरशाखालून, दारांच्या मुठींतून आणि नंबरप्लेटमागून एकेक ओघळ उतरतोच. अडकलेले पाणी तिथून झिरपत असते. दारे आणि डिकी उघडून कडा पुसाव्यात, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत एकदा हळू चालवून आणावी, आणि ओघळ वाळण्याआधी कोरडे कापड घेऊन पुन्हा एक फेरी मारावी.