निर्यातबंदीचा वास आधी कसा घ्यायचा

कांदाचाळीत उन्हाळ कांदा भरून ठेवलेल्या माझ्या भावाबहिणींनो, विकायचं की थांबायचं हे नुसत्या लासलगावच्या भावावर ठरवू नका. दिल्लीत काय शिजतंय तेही बघा.

किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेच्या आसपास येतो. २०१२ पायाच्या मालिकेत कांद्याचा वाटा जेमतेम ०.६४ टक्के होता, पण भाव तिप्पट झाला की तेवढ्यानेही आकडा हलतो. २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांच्या जवळपास, २ ते ६ च्या आत ठेवायची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर आहे. रेपो दर, म्हणजे ती बँकांना देते त्या कर्जाचं व्याज, वाढवून बाजारात कांदा येत नाही, म्हणून मग सरकार निर्यातीवर हात टाकतं. मतांच्या हिशेबात शहरातलं गिऱ्हाईक देशभर पसरलेलं, आपण मोजक्या जिल्ह्यांत. त्यात १९९८ ला कांदा महागला आणि दिल्लीत भाजपची सत्ता गेली, ही भीती सगळ्याच पक्षांनी मनात धरली आहे.

२०२३ च्या पायऱ्या वहीत लिहून ठेवा. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, मग सरकारसाठी कांदा साठवणाऱ्या नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांचा बफरमधला (राखीव साठ्यातला) कांदा शहरांत २५ रुपये किलोने, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही), ८ डिसेंबरला बंदी. माझं ठाम मत आहे की पहिली पायरी दिसली की तिसरा हिस्सा माल काढावाच.

निवडणूक कुणाची, तेही बघा. बंदी उठली ४ मे २०२४ ला, नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मेला. तरी ४० टक्के शुल्क आणि किमान मूल्य लागलंच, आणि दिंडोरीत भाजप हरला. विधानसभा जवळ आल्यावर, १३ सप्टेंबरला शुल्क २० वर आलं, किमान मूल्य गेलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कच नाही.

व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवला की तो आपल्यासाठी लढा वाटतो. पण त्यांचा पैसा थांबतो, आपला माल सडतो. त्या दिवसांत चाळीच्या मधल्या थरातले चार कांदे काढा, बुडाशी अंगठ्याने दाबा. मऊ लागला किंवा मानेत हिरवा कोंब दिसला तर तो थर आधी निवडून बाजूला काढा, लिलाव उघडताच पहिल्या ट्रॉलीत तोच घाला.