ऑफचे प्लॉट आधी उघडा

परग्रहावरच्या जीवांचे रेडिओ सिग्नल शोधायला निघालेल्यांनो, ऑन-ऑफची रीत तुम्हाला माहीत आहेच: दुर्बीण पाच मिनिटं ताऱ्याकडे (ऑन), पाच मिनिटं बाजूला (ऑफ), असं तीनदा. ताऱ्याकडून येणारा सिग्नल फक्त ऑनमध्ये दिसायला हवा. मीही असे सिग्नल शोधणाऱ्या ब्रेकथ्रू लिसन प्रकल्पाचा खुला डेटा उतरवला, त्यात सिग्नल हुडकणारा टर्बोसेटी प्रोग्रॅम चालवला आणि तिसऱ्या आठवड्यात एक अरुंद, तिरकी रेघ, म्हणजे वेळेबरोबर फ्रिक्वेन्सी सरकणारा सिग्नल, हाती लागली. तिन्ही ऑनमध्ये होती, एकाही ऑफमध्ये नाही. त्या रात्री झोप लागली नाही. पुढचे चार महिने त्या रेघेमागे गेले.

फसलो कुठे, ते नीट ऐका. प्रोग्रॅम ‘ऑफमध्ये नाही’ म्हणतो, म्हणजे तिथे सिग्नल उंबरठ्याच्या खाली आहे, इतकंच. मी उंबरठा, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किमान किती पट हवा तो आकडा, १० ठेवला होता. ऑनमध्ये रेघ १२ वर, ऑफमध्ये ८ वर. डिश जरा वळली की पृथ्वीवरचा सिग्नल साइडलोबमधून, म्हणजे डिशच्या बाजूच्या चोरवाटांनी, कमी-जास्त शिरतो, म्हणून हा फरक. आणि रेघ तिरकी म्हणजे पृथ्वीबाहेरची, हेही खरं नाही. तापमान बदललं की यंत्रातल्या साध्या ऑसिलेटरची, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाची, फ्रिक्वेन्सीसुद्धा सरकते. माझे मार्गदर्शक चार महिने ‘छान चाललंय’ म्हणत राहिले. एका सीनियर ताईने दोन मिनिटांत विचारलं, “अरे, ऑफचे प्लॉट कुठेयत?” उघडले, तर तीच रेघ, फिकट, सहाही चौकटींतून गेलेली. कौतुक करणाऱ्यापेक्षा असं विचारणारं माणूस शोधा.

खचू मात्र नका. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने प्रॉक्झिमा सेंटॉरी ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर टिपलेला बीएलसी-१ नावाचा सिग्नल या ऑन-ऑफच्या चाळणीतून पार झाला होता. तो डेटात पहिल्यांदा हेरला एका इंटर्नने. इतर फ्रिक्वेन्सींवर त्याची जुळी भावंडं सापडली, काही तर ऑफमध्ये, तेव्हा २०२१ मध्ये तो माणसाच्याच यंत्रांचा ठरला. त्या तपासातून पुढच्यांसाठी तपासणीची पद्धत तयार झाली.

फक्त परग्रहावरच्या जीवांवर करिअर बेतू नका, जागा फार थोड्या आहेत. पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठोक्यांसारखे रेडिओ सिग्नल देणारे मृत तारे, शिका. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर पल्सारवाले माणसाच्या यंत्रांच्या याच गोंगाटाशी झगडतात, तेच कसब इथे लागतं. आणि मशीन लर्निंगने सुरुवात नकोच. शंभर वॉटरफॉल, म्हणजे वेळ आणि फ्रिक्वेन्सीचे हे प्लॉट, स्वतः न बघता मॉडेलला काय शिकवणार?

पहिल्यांदा टर्बोसेटीच्या शिकवणीतल्या व्हॉयेजर-१ यानाच्या सहा फाइली घ्या. ऑनमध्ये मधली ठळक वाहक रेघ (यानाचा मुख्य सिग्नल), दोन्ही बाजूंना तिच्या फिकट सोबतिणी. मग ऑफ उघडा, कॉन्ट्रास्ट वाढवा. तिथे खरंच काही नाही.