आवडलेलं जुनं विमान हातचं जाऊ नये म्हणून

अमेरिकेत जुनं सेसना १७२ (चार आसनी छोटं विमान) घेताना फोनवरच्या होकारावर विसंबू नका. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक येतं.

१. लगेच लेखी करार करा: नोंदणी क्रमांक, किंमत, तपासणीची मुदत, आणि तोवर विमान इतर कुणाला न विकण्याची अट.

२. इसार एस्क्रोमध्येच, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताकडेच भरा, विक्रेत्याच्या खात्यात नको. ओक्लाहोमा सिटीतल्या टायटल कंपन्या (विमानाच्या मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या) हे काम करतात. एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेची) विमाननोंदणीही त्याच शहरात आहे, म्हणून विमानावर कर्जाचा बोजा आहे का, हेही त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

३. तपासणीला आपला मेकॅनिक, आजवर ते विमान सांभाळणारा नको. बरेच महिने उभ्या विमानाच्या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) गंजू शकतो. तो आवर्जून बघायला सांगा.

तपासणीत दोष निघाल्यास इसार पूर्ण परत, हे लिहिलेलं नसेल तर सही करू नका.