वालुमाशीची जात पंखांवरून ठरवू नका
ब्राझीलमध्ये कोंबड्यांच्या खुराड्याजवळ रात्रभर लावलेल्या प्रकाश-सापळ्यात वालुमाश्या मिळाल्या, की नाव ठरवायची घाई नको. माशी जेमतेम २-३ मिलिमीटरची. जात पटते ती नराच्या बाह्य जननेंद्रियावरून आणि मादीच्या पोटातल्या शुक्रकोशांवरून (शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्या), म्हणून माशी आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक करा, मगच काचपट्टीवर बसवा. लुट्झोमिया लाँगिपाल्पिस या वालुमाशीच्या नराच्या पोटाच्या वरच्या बाजूला फिकट ठिपक्यांची एक जोडी आहे की दोन, हे जरूर टिपा. काळा आजार (लेशमॅनिया परजीवीमुळे होणारा रोग) पसरवणारी ही माशी म्हणजे एकच जात नसून अनेक जातींचा गट मानला जातो.

नोंदीत तारीख, ठिकाण, सापळा, लिंग तर हवंच. शिवाय कोणतं वर्गीकरण वापरलं तेही लिहा. लुट्झोमिया व्हिटमनी आणि निसोमिया व्हिटमनी ही वेगवेगळ्या वर्गीकरणांतली नावं, पण माशी एकच आहे!