थंडीत जुनी ब्रिटिश गाडी: आधी क्लच, मग किक

ग्वाल्हेरात जानेवारीची पहाट चार-पाच अंशांवर येते आणि लष्कर भागातल्या आमच्या अंगणात वडिलांची एक-सिलिंडर मोटरसायकल अंग आखडून बसते. लगेच किक मारत सुटू नका. रात्रभरात तेल घट्ट होऊन क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. क्लच दाबून किक दोन-तीनदा हळू खाली न्या. प्लेटा सुटल्या की पायाला लगेच कळतं.

मग पेट्रोलचा कॉक उघडा. अमल कंपनीच्या कार्बोरेटरवर टिकलर असतो, म्हणजे जादा पेट्रोल आत सोडणारी छोटी पिन; ती बोट ओलं होईपर्यंत दाबून धरा. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवेच्या मिश्रणात पेट्रोल जास्त लागतं. सांडलेलं पुसून घ्या, जवळ कुणी विडी ओढत असेल तर त्याला लांब पाठवा.

हँडलवर टायमिंगचा, म्हणजे ठिणगी कधी पडावी ते ठरवणारा लिव्हर असेल तर तो रिटार्डला, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असा ठेवा. हे विसरू नकाच! उलट्या किकेने माझा घोटा महिनाभर सुजला होता.

मॅग्नेटो म्हणजे इंजिनाबरोबर फिरून ठिणगीची वीज बनवणारं यंत्र; त्याची ठिणगी बॅटरीवर नाही, फिरण्याच्या वेगावर अवलंबून असते. अर्धवट दहा लाथांपेक्षा पूर्ण ताकदीची एक बरी. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) दाबून पिस्टन वरच्या टोकापलीकडे जरासा सरकवा, सोडा, किक वर येऊ द्या आणि अंगाचं सगळं वजन टाका.

तरीही नाही? प्लग काढा. ओला असेल तर कोरडा पुसून, तव्यावर कोमट करून पुन्हा बसवा. आणि उन्हाळ्यातलं पन्नास नंबरचं तेल अजून आत असेल तर मॅन्युअल बघून हिवाळ्याचं पातळ तेल भरा.